भालूकाका आणि आमच्या टाचा

भालूकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमची डोकी एकमेकांवर आपटली. शुगर लँडच्या कम्युनिटी सेंटरमध्ये रविवारी सकाळी आपली मराठी मंडळी पिकलबॉल खेळतात असं कळलं, म्हणून मी गेलो होतो. पंचेचाळिशी उलटलेली, डॉक्टरांनी रिपोर्टमधल्या काही आकड्यांखाली लाल रेघा मारलेल्या आणि बायकोने, अनघाने, नवे बूट आणून दिलेले. खेळाडू व्हायला याहून जास्त काही लागतं असं मला वाटत नव्हतं. बाकावर एक उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. कोणीतरी म्हणालं, "हे भालूकाका, आपल्यातले सगळ्यात सीनियर." मी संस्कारी माणूस. लगेच नमस्काराला वाकलो. नेमके त्याच क्षणी तेही उठून माझ्या पायाशी वाकले. टणकन आवाज झाला.

"अहो काका, हे काय करताय? मला पाप लागेल!" मी कपाळ चोळत म्हणालो.

"पाप लागायला वेळ आहे. आधी फोड येईल." त्यांनी माझ्या घोट्यावरचा मोजा चिमटीत धरून बोटांनी चोळून पाहिला. साडीच्या दुकानात बायका पदर पाहतात, तसा. "सुती. पुण्याहून आणलास?"

"हो. आईने दिलेत, डझनभर."

"आईला माझा नमस्कार सांग. आणि हे मोजे झोपताना घालत जा."

मला वाटलं, म्हाताऱ्याला विनोद करायची सवय आहे. पिकलबॉल म्हणजे टेनिसचं धाकटं भावंड. कोर्ट छोटं, बॅट छोटी, चेंडू प्लास्टिकचा, भोकं पाडलेला. त्यात काय पाय दुखणार? पण या खेळात माणूस सरळ पळत नाही. दोन पावलं पुढे, एक मागे, गर्रकन वळून थांबायचं. प्रत्येक वेळी पाय बुटाच्या आत एकीकडे जातो आणि टाच दुसरीकडे. पार्किंगमधल्या गाडीपर्यंत मी चवड्यांवर चालत गेलो, नुकत्या पुसलेल्या फरशीवरून जावं तसा. घरी आमची ईशा, जी शाळेच्या टेनिस टीममध्ये आहे, मला जिन्यावर बसून मोजा सोलताना पाहून म्हणाली, "डॅड, यू प्लेड फॉर लाइक, ट्वेंटी मिनिट्स." या देशात जन्मलेल्या मुलांना वडिलांबद्दल कणव नसते.

पुढच्या रविवारी काका माझी वाटच पाहत होते. "फोडलास?"

"हो. सेफ्टी पिनने."

"पिन कुठली?"

"अनघाच्या साडीची."

काकांनी डोळे मिटले. मग मला शेजारी बसवून, शाळेतल्या मास्तरांसारखं बोट उगारून म्हणाले, "लेका, फोडावरचं कातडं म्हणजे देवाने फुकट दिलेलं बँडेज. ते आपण होऊन काढायचं नाही. झाकायचं आणि गप्प बसायचं."

काका मूळचे सांगलीचे. ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीत सगळी नोकरी त्यांनी जमिनीखालचे पाइप गंजू नयेत हे पाहण्यात घालवली. रिटायर झाल्यावर पाइप सुटले आणि त्यांची नजर आमच्या पायांवर पडली. "ओल, ऊब आणि घासणं. पाइपचे वैरी तेच, पायाचेही तेच," ते म्हणायचे. "फरक एवढाच, की पाइप बदलून मिळतो." त्यांचं खरं वाक्य मात्र दुसरंच होतं. ते आम्ही इतक्या वेळा ऐकलं, की कोर्टवर पोरं त्यांची नक्कल करून म्हणायची: "टोचलं की थांब." म्हणजे फोड येण्याआधी कातडी गरम होते, चुरचुरते, ती वेळ चुकवायची नाही. खेळ थांबवायचा, मोजा सरळ करायचा, पट्टी लावायची. "पॉइंट पुढच्या गेमला मिळतो रे. टाच मिळत नाही."

सुती कापडाशी त्यांचं जन्माचं वैर होतं. आपल्याकडे उन्हाळा म्हटला की सुती, एवढंच आपल्याला ठाऊक. आईबापांनी सांगितलेलं, डॉक्टरांनी सांगितलेलं. काकांना हे मान्य होतं, पण घोट्याच्या वर. "सुती मोजा म्हणजे आगंतुक पाहुणा. पाणी मागतो, पितो आणि तिथेच बसून राहतो." एकदा त्यांनी आम्हाला घरामागच्या अंगणात बोलावून एक सुती आणि एक सिंथेटिक मोजा बादलीत बुडवला आणि दोन्ही कुंपणावर टाकले. आम्ही तोवर मीनाकाकूंनी केलेले पोहे खाल्ले, चहा प्यायलो, कोणाच्या मुलाला कुठे ॲडमिशन मिळाली ते बोललो. उठताना पाहिलं तर सिंथेटिक वाळला होता. सुती तसाच, ओल्या पोतेऱ्यासारखा लोंबत होता. "आता हा आत घालून तासभर उड्या मारल्या तर काय होईल?" काकांनी विचारलं. माझी टाच एकदम शहारली.

मग ते मला मोजे घ्यायला घेऊन गेले. खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात काकांनी भिंतीवरचा एक नमुन्याचा मोजा काढून उलटा केला, आत मूठ घातली आणि मनगटापर्यंत हात फिरवला. दुकानातली मुलगी धावत आली. काकांनी तिला अत्यंत अदबीने सांगितलं, की तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतो. मग मराठीत मला म्हणाले, "मोजा नेहमी उलटा करून बघायचा. बोटांवरून जाडी शिवण जाते की नाही, ते आत कळतं. बाहेरून काय, सगळेच गुळगुळीत असतात. माणसंसुद्धा."

"पण काका, हा सगळ्या मापांना चालतो असं लिहिलंय."

"सगळ्यांना चालतो म्हणजे कुणालाच बसत नाही. ढिला मोजा गोळा होतो. आणि मोज्याची सुरकुती म्हणजे बुटातला खडा."

मोज्यातला टाचेचा खोलगा टाचेवरच बसला पाहिजे. नवे बूट घ्यायला जाताना खेळायचेच मोजे घालून जायचं, तेही संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. असं सगळं ऐकवत त्यांनी मला दोन प्रकारचे मोजे घ्यायला लावले. एक पातळ, आतून घालायचा. एक वरून. "त्या दोघांना आपसात घासू दे. तू मध्ये पडू नकोस," असा त्यावरचा उपदेश. बाहेर आल्यावर ते एकदम गंभीरपणे म्हणाले, "पाय आणि बूट यांचं कधीच पटत नसतं, मिलिंद. मोजा म्हणजे मधला माणूस. मधला ढिला असला की स्थळ मोडतं."

घरी अनघाने पाकीट वाचलं. वरचा मोजा बारीक लोकरीचा होता. "या उकाड्यात लोकर? मग स्वेटरही घाल. मफलर काढून देऊ?" पण त्या रविवारी खेळून आलो, मोजे काढले आणि माझे पाय ईशाच्या पुस्तकाशेजारी टेबलावर ठेवले. कोरडे, गुलाबी, एक ओरखडा नाही. "इऽऽऽ, डॅड!" एवढाच सत्कार झाला.

काका अशा प्रकारे सगळ्यांच्या पायांशी वाकायचे. तिशीतल्या पोरांच्या, त्यांच्या बायकांच्या, एकदा तर पाहुणे म्हणून आलेल्या गुरुजींच्याही. पहिल्यांदा सगळे दचकायचे, "काका, काका, नको" करत मागे सरकायचे. मीनाकाकूंना त्याचं काही नवल नव्हतं. त्या सांगायच्या, "आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी यांचे पाय धुतले. गुरुजी मंत्र म्हणतायत, सगळा मांडव बघतोय, आणि हे वाकून वडिलांच्या कानात म्हणतात, 'मामा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.' वडील मला म्हणाले, पोरी, अजून अंतरपाट धरायचाय, विचार कर."

आम्हाला लोकरी, रंगीत, दुहेरी असे नाना मोजे सुचवणारे काका स्वतः मात्र कायम पांढरे घालायचे. बिनशिवणीचे, साधे, शुभ्र. मला वाटायचं, जुन्या माणसांची आवड. खरं कारण काकूंकडून कळलं. एकदा मी त्यांच्याकडे डबा परत करायला गेलो होतो. काका गॅरेजमध्ये होते. काकू आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही दोघं जोडी म्हणून खेळता, तर तुला माहीत असलेलं बरं. मधुमेह जुना आहे. त्यांच्या तळपायांना आता काही कळत नाही रे. खडा असो, फोड असो. डॉक्टर म्हणाले, खेळा, पण पांढरे मोजे घाला, डाग पडला तर दिसेल. आणि खेळून आलात की पाय तपासा. एखादी जखम कळली नाही, चिघळली, तर पाय जायची वेळ येते."

"मग तुम्ही बघता का?"

"मला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. आणि ते दाखवतात कुठे? दार लावून जमिनीवर आरसा ठेवतात आणि आपलं आपण बघतात. चष्मा लावून, आरशात, वाकडं होऊन. काय दिसत असेल देव जाणे. साऱ्या गावाच्या टाचा धरतील, स्वतःची कुणापुढे करणार नाहीत."

त्या वर्षी काकांच्या मुलाने त्यांना कायमचं कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला बोलावलं. घर विकायला काढलं. जाण्याआधी एकच इच्छा होती: अर्विंगला हरवायचं. डॅलसकडची अर्विंगची मंडळी आणि आम्ही दर वर्षी पिकलबॉलचा सामना खेळायचो आणि दर वर्षी हरून, त्यांच्याकडची मिसळ खाऊन परत यायचो. "एकदा तरी मिसळ जिंकून खायची आहे," काका म्हणायचे. या वेळी सगळं त्यांच्या आणि माझ्या डबल्सवर आलं होतं. बाकीच्या मॅचेस बरोबरीत संपल्या होत्या.

पण त्याच्या आदल्या दिवशी, अर्विंगला निघण्यापूर्वी, आमच्या मंडळाने काकांचा सत्कार केला. कल्पना अनघाची. शाल, श्रीफळ आणि मोजे. तिच्या मावसभावाची इचलकरंजीत ओळख होती, तिथून तिने काकांसाठी आणि सगळ्या टीमसाठी मोजे करून मागवले होते. झळझळीत भगवे, आणि मागे टाचेवर जाड पिवळ्या दोऱ्याने भरतकाम केलेलं: "टोचलं की थांब." माइकवरून ती अभिमानाने म्हणाली, "आणि काका, हंड्रेड परसेंट सुती!" मी तिच्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत. काही वाक्यं कधी बोलायची नसतात ते मला कळतं.

काकांनी सवयीने मोजा उलटा केला. आत दोऱ्यांच्या गाठींचं जंगल होतं. त्यांनी अनघाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हळूच मोजा सुलटा केला. "फार सुंदर आहेत गं. हेच घालून खेळणार." टाळ्या पडल्या. काकू आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. गाडीत काकूंनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "फोटोपुरते गं. पोरीने एवढ्या हौसेने केलेत. फोटो झाला की बदलतो."

दुसऱ्या दिवशी अर्विंगला फोटो झाला. पांढरे मोजे लांब पार्किंगमध्ये, गाडीत. तेवढ्यात अर्विंगचा संयोजक ओरडला, "काका, कोर्ट रिकामं झालंय, पटकन या, ऊन वाढतंय!" काकू तोवर सावलीत बसायला गेल्या होत्या. मी "मोजे?" म्हणालो. काका म्हणाले, "एक मॅच. काय होतंय!" आणि बॅट फिरवत आत गेलेसुद्धा.

समोर दोन तरुण पोरं होती. एक पुण्याचा, गप्प. दुसरा नागपूरचा पंकज, अखंड बोलणारा. काकांनी जाळ्याला लगटून चेंडू टाकला की तो ओरडायचा, "अरे यार काका, काय शॉट मारला बे! आम्ही लहान लेकरं आहो ना, थोडी दया करा!" पहिली गेम आम्ही घेतली, दुसरी त्यांनी. तिसरीत काका असे खेळले, की मी नुसता उभा राहिलो तरी चालत होतं, आणि मी बहुतांशी तेच करत होतो. आम्ही पुढे गेलो. जिंकायला दोन पॉइंट हवे होते. बाहेर आमची मंडळी आत्ताच नाचायला लागली होती.

आणि माझी टाच टोचायला लागली. माझ्याही पायात तेच मोजे होते. घामाने पार भिजलेले. आतल्या गाठी कातडीत रुतत होत्या. "थांब"मधला थ नेमका कुठे आहे, हे मी डोळे मिटून सांगू शकलो असतो. आणि मग माझी नजर काकांच्या पायांकडे गेली. तेच मोजे, त्याच गाठी, माझ्या दुप्पट पळणारे काका. मला माझी टाच ओरडून सांगत होती. त्यांना त्यांची सांगत नव्हती. भगव्या रंगात डागही दिसणार नव्हता.

सगळ्यांसमोर "काका, पाय दाखवा" म्हणालो असतो, तर मेले तरी त्यांनी दाखवला नसता. मी हात वर केला. "सॉरी. मी थांबतो. माझी टाच टोचतेय."

"काय?" काका गरकन वळले. "आत्ता? दोन पॉइंट राहिलेत लेका!"

"टोचलं की थांब, काका."

"ते प्रॅक्टिसला रे!"

"असं काही इथे भरलेलं नाहीये," मी वळून टाच दाखवली.

पलीकडून पंकज म्हणाला, "बरोबर बोलून राहिले ना ते, काका. मोज्यावर लिहून आहे."

काका माझ्याकडे असं बघत राहिले, की पिकलबॉलची बॅट एवढी छोटी आहे याचं मला बरं वाटलं. जोडीदार बसला की मॅच गेली. अर्विंगवाल्यांनी जल्लोष केला. आमच्याकडून कोणीतरी "अरे मिलिंऽऽद" असा जो सूर काढला, तो मला अजून पार्ट्यांमध्ये ऐकवतात.

आम्ही कोपऱ्यातल्या बाकावर गेलो. मी मोजा काढला. टाचेवर वाटाण्याएवढा लाल फोड. "एवढ्यासाठी?" काका पुटपुटले. मी त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसलो. "आता तुमचा दाखवा."

"मला काही होत नाहीये."

"तेच तर."

त्यांनी एकदा कोर्टकडे पाहिलं. मग पाय पुढे केला. बूट मी काढला. मोजा टाचेला चिकटला होता; बाटलीतलं पाणी ओतून हळूहळू सोडवावा लागला. खालची कातडी चांगली रुपयाएवढी सोलून निघाली होती. काकांनी वाकून पाहिलं. दुसऱ्या कोणाचा तरी पाय पाहावा, तसं.

"हे कधी झालं?" त्यांनी मलाच विचारलं.

तेवढ्यात मागून काकू आल्या, हातात पांढरे मोजे घेऊन, धापा टाकत. त्यांनी पाहिलं आणि तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली. काका लगेच म्हणाले, "मीना, अनघाला सांगायचं नाही. मिलिंद, तूही नाही. तुझी टाच दुखली म्हणून हरलो, बास."

मिसळ हरून खाल्ली. परतीचा रस्ता लांब होता. पेट्रोलला थांबून निघालो तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, "तशीही पुढची सर्व्हिस तुझी होती. जाळ्यातच गेली असती." मी आरशात पाहिलं. मिशा हलत होत्या.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. काही आठवडे पट्ट्या, औषधं, खेळ बंद. जखम भरली, मगच ते क्युपर्टिनोला गेले. निघताना अनघाला त्यांनी दोनदा सांगितलं, मोजे फार आवडले. हे लिहिण्याआधी काकांना फोन करून मी परवानगी घेतली आणि मग अनघाला सगळं सांगितलं. तिने कपाट उघडून माझे सगळे सुती मोजे काढले आणि फर्निचर पुसायला घेतले.

आता दर रविवारी सकाळी, आम्ही नाश्त्याला बसलो की फोन वाजतो. व्हिडिओ कॉल. ईशा स्क्रीन पाहते आणि तोंड वाकडं करून माझ्याकडे सरकवते, "डॅड, इट्स द फूट." लोकांकडे सकाळी देवाचं दर्शन होतं, आमच्याकडे भालूकाकांच्या तळपायाचं. मुलगा त्यांच्या घरातच आहे, पण काकू सांगतात, "त्याला दाखवत नाहीत. म्हणतात, तो लगेच डॉक्टरकडे पळवतो. मिलिंद आधी नीट बघतो."

"काय दिसतंय?" पायामागून आवाज येतो.

मी उपमा बाजूला ठेवून बघतो. टाच, तळवा, कडा. "थोडं उजेडाकडे करा. हं. काही नाही काका. स्वच्छ."

"बेचक्या?"

"बोटं फाकवा. कोरड्या आहेत."

"चष्मा लावलायस ना?"

"लावलाय."

"आता दुसरा," ते म्हणतात, आणि स्क्रीनवर दुसरा पाय येतो.